‘हिना’ या पॉलिनेशियन नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून?

ऑकलंडला राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने विचारलं आहे : “आम्हाला नुकतीच मुलगी झाली. इथल्या मातीतलं, पण घरच्यांनाही सहज म्हणता येईल असं नाव हवं होतं, म्हणून ‘हिना’ मनात आहे. इंटरनेटवर कुठे ‘चंद्रदेवी’, कुठे ‘मुलगी’, कुठे ‘चंदेरी’ असे अर्थ मिळतात. शेजारच्या सामोअन काकू म्हणतात की खरं नाव ‘सिना’. साताऱ्याच्या आजींना ‘हीन’ ऐकू येतं, तर बाकीच्या नातेवाइकांना मेंदी आठवते. नेमका अर्थ काय? आणि हे नाव आम्ही ठेवावं का?”

आधी तुमचं मनापासून अभिनंदन. मी बरीच वर्षं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची नावं आणि तोंडी चालत आलेल्या कथा यांवर काम करते आहे. या प्रश्नातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मला ओळखीचं आहे, कारण हिना या नावाबद्दल जितकं अर्धवट लिहिलं जातं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या पॉलिनेशियन नावाबद्दल लिहिलं जात असेल.

थोडक्यात सांगायचं तर, नावाच्या मुळाशी ‘पांढरेपणा, रुपेरीपणा’ आहे. ‘चंद्रदेवी’ हा अर्थ नाही, ती या नावाच्या एका नायिकेची गोष्ट आहे. ‘मुलगी’ हा वेगळ्याच शब्दाचा अर्थ आहे. मेंदी आणि हीन यांच्याशी काडीचाही संबंध नाही. तुमच्या सामोअन काकू बरोबर सांगतायत. आणि ठेवावं का, याचं उत्तर ‘जरूर ठेवा’ असं आहे. फक्त कुठल्या हिनाचं नाव तुम्ही मुलीला देताय ते ठरवून द्या, कारण हिना एक नाही.

काकूंच्या बोलण्यापासून सुरुवात करू. सामोआ आणि टोंगा या भागात माणूस साधारण २,८०० वर्षांपूर्वी होड्यांमधून येऊन स्थिरावला. तिथून पुढे ताहिती, हवाई, न्यूझीलंड ही बेटं वसायला फार मोठा काळ जावा लागला. ती वस्ती साधारण इसवी सन १००० ते १३०० च्या दरम्यानची. जी माणसं पुढे गेली त्यांच्याबरोबर त्यांची भाषा गेली, देव गेले, गोष्टी गेल्या आणि उच्चार हळूहळू बदलत गेले. मूळ भाषेतला ‘स’ सामोअन भाषेने जपला. टोंगन, ताहितियन, हवाईयन आणि माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांची भाषा) या भाषांमध्ये त्याचा ‘ह’ झाला. कुक बेटांवर तर तो ‘ह’ही गळला. म्हणून सामोआत सिना, टोंगा-ताहिती-हवाईत हिना आणि कुक बेटांतल्या मांगायावर इना. नाव एकच. ‘स’चा ‘ह’ होणं आपल्याला काही परकं नाही. सप्ताह आणि हप्ता हे दोन्ही शब्द आपण रोज वापरतो, आणि त्यांच्यात फरक आहे तो संस्कृत आणि फारसी यांच्यातल्या याच ‘स-ह’ बदलाचा.

आता अर्थ. सामोअन भाषेत ‘सिना’ म्हणजे पिकलेले, पांढरे केस. ‘सिनासिना’ म्हणजे पांढरं. टोंगनमध्ये ‘हिनेहिना’ म्हणजे पांढरं. माओरीत ‘हिना’ म्हणजे पांढरा केस. हवाईयनमध्येही हाच अर्थ : ‘पोओ’ म्हणजे डोकं आणि ‘पोओहिना’ म्हणजे डोक्याचे केस पिकलेला माणूस. हे वाचून दचकू नका. त्या भाषांमध्ये पिकलेल्या केसांचा पांढरेपणा आणि चांदण्याचा पांढरेपणा एकाच शब्दात बसतो आणि त्यात म्हातारपणाची कुचंबणा नाही. हवाईतल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्यावरच्या काळ्या-तांबड्या राखेत एक झाड उगवतं, गोलसर, तलवारीसारख्या पानांचं. पानांवर बारीक केसांची दाट लव असते आणि त्यामुळे अख्खं झाड चांदीचा मुलामा दिल्यासारखं चमकतं. कित्येक वर्षं ते तसंच बसून राहतं, मग एकदाच उंच तुरा काढून फुलतं आणि मरून जातं. त्या झाडाचं हवाईयन नाव ‘आहिनाहिना’. तुमच्या मुलीच्या नावातला रंग नेमका कोणता असं कुणी विचारलं, तर मी या झाडाचा फोटो दाखवीन.

याच मुळाशी चंद्राचा शब्द जोडलेला आहे. सामोअनमध्ये चंद्राला ‘मासिना’ म्हणतात, टोंगन आणि हवाईयनमध्ये ‘माहिना’. मलय भाषेतला ‘सिनार’, म्हणजे किरण, हा याच घराण्यातला शब्द असल्याचं भाषाभ्यासक दाखवतात, कारण मलय आणि पॉलिनेशियन भाषा एकाच मोठ्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या आहेत. इथे मराठी माणसाचे कान टवकारतात. हवाईयन ‘माहिना’चा अर्थ चंद्र आणि महिना असा दुहेरी आहे! सामोअन ‘मासिना’ही तसाच, चंद्र आणि महिना. आपल्याकडे ‘मास’ आणि ‘महिना’. इतकं जुळल्यावर नातं असणारच असं वाटतं, पण नाही. आपला महिना फारसी ‘माह’ म्हणजे चंद्र या शब्दाच्या घरातला, आणि तो संस्कृत ‘मास’चा सख्खा चुलत. पॉलिनेशियन शब्द स्वतंत्रपणे, ‘चमकणं’ या अर्थाच्या मुळावरून आला. दोन्हीकडे लोक चंद्रावरून दिवस मोजत होते म्हणून चंद्र आणि महिना यांना एक शब्द मिळाला. ध्वनी जुळले हा निव्वळ योगायोग. यावरून ‘पॉलिनेशियन भाषा संस्कृतमधून निघाल्या’ असे निष्कर्ष काढणारे लेख फिरत असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

‘हिना म्हणजे मुलगी’ हा गोंधळ कुठून आला तेही सांगते, कारण तुम्ही न्यूझीलंडमध्ये राहता आणि तो तिथेच सर्वांत जास्त आहे. माओरीत मुलीला ‘हिने’ म्हणतात. शेवटी ‘ए’ आहे, ‘आ’ नाही. हा ‘हिने’ शब्द ‘वाहिने’ म्हणजे बाई, सामोअन ‘फाफिने’, टोंगन ‘फेफिने’ यांच्या कुटुंबातला. मूळ ध्वनी तिथे ‘फ’ होता. म्हणजे हिना आणि हिने हे दोन वेगळ्या विहिरींचं पाणी आहे. माओरीत दोन्ही ‘ह’वर येऊन थांबल्यामुळे ते जुळे वाटतात. माओरी पुराणकथांमधल्या कितीतरी स्त्रियांची नावं ‘हिने’ने सुरू होतात : पहिली स्त्री हिने-आहु-ओने, पहाटेची हिने-तितामा, धुक्याची हिने-पुकोहु-रांगी. तिथे हिने हा ‘ती मुलगी, ती स्त्री’ असा आदराचा पहिला भाग असतो. हिना मात्र स्वतः नाव आहे. माओरी कथेतही ती आहे : माउईची (हा बेट नव्हे, पॉलिनेशियन कथांमधला वीर) बहीण हिनाउरी. माउईने तिच्या नवऱ्याला, इरावारूला, कुत्रा करून टाकलं. दुःखाने तिने समुद्रात उडी घेतली, लाटांबरोबर कित्येक दिवस वाहत गेली आणि दूरच्या किनाऱ्याला लागली. तिथे पुढे माशांचा स्वामी तिनिराउ तिचा नवरा झाला. ‘उरी’ म्हणजे काळा, गडद. रुपेरी आणि गडद हे दोन्ही एका नावात आलेले पाहून काही अभ्यासकांना त्यात कृष्णपक्षातला चंद्र दिसतो, आणि मला ते पटतं.

गोष्टींकडे वळू, कारण नाव तिथेच जिवंत आहे.

चंद्राची गोष्ट सर्वांत सुंदर मिळते ती ताहितीच्या परंपरेत. ती आपल्यापर्यंत पोचली तेउइरा हेन्री या ताहितीत जन्मलेल्या शिक्षिकेमुळे. तिचे आजोबा जॉन ऑर्समंड मिशनरी म्हणून १८१७ मध्ये त्या भागात आले होते आणि त्यांनी तिथल्या जाणत्या माणसांकडून ऐकलेलं लिहून ठेवलं होतं. नातीने ते आयुष्यभर जुळवलं, आणि तिच्या मृत्यूनंतर, १९२८ मध्ये, होनोलुलूच्या बिशप म्युझियमने ते छापलं. त्यात हिना आणि तिचा भाऊ रू हे दोघे दर्यावर्दी आहेत. रू वल्हं धरून नाव हाकतो आणि हिना नावेच्या पुढच्या टोकाशी उभी राहून नजर ठेवते. नवं बेट दिसलं की तीच आधी सांगते. सगळी बेटं पाहून झाल्यावरही तिची हौस फिटत नाही. एका रात्री पूर्ण चंद्र दिसतो आणि ती एकटीच नाव घेऊन त्याच्याकडे निघते. पोचते, जागा आवडते, आणि नाव तशीच लाटांवर सोडून देऊन ती चंद्रावर पाय ठेवते. तेव्हापासून तिचं नाव ‘हिना-इ-आआ-इ-ते-मारामा’, म्हणजे चंद्रावर पाय ठेवलेली हिना. तिथे ती वडाच्या जातीच्या मोठ्या झाडाखाली बसून साल कुटते आणि त्याचं कापड करते, आणि रात्री प्रवास करणाऱ्यांवर नजर ठेवते. चंद्रावरचा डाग म्हणजे तेच झाड. त्याच झाडाचं बीज पुढे रायातेआ बेटावर येऊन रुजलं, असं ताहितीत सांगतात.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिची स्वतःची इच्छा. हिनाला कुणी पळवून नेलेलं नाही, कुणी शाप दिलेला नाही, कुणाच्या वियोगाने ती गेलेली नाही. तिला पाहायचं होतं म्हणून ती गेली आणि आवडलं म्हणून राहिली. मुलीच्या नावामागे सांगायला याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

हवाईतली हिना वेगळ्या कारणाने चंद्रावर जाते. तिचं नाव हिना-हानाइ-आ-का-मालामा, राहणार माउई बेटावरच्या हानाची. नवरा आइकानाका, मुलगे पुना आणि हेमा. मुलांचं करून करून, त्यांची घाण काढून ती थकते आणि एका रात्री घर सोडून चंद्राकडे झेप घेते. नवरा धावत येऊन तिचा पाय पकडतो. पाय त्याच्या हातात तुटून राहतो आणि ती लंगडत वर पोचते. या रूपात तिला ‘लोनोमुकु’ असंही म्हणतात. हवाईच्या चांद्र महिन्यात प्रत्येक रात्रीला नाव आहे, आणि शेवटच्या, चंद्र न दिसणाऱ्या रात्रीचं नाव ‘मुकु’, म्हणजे तुटलेलं. घरकामाखाली पिचलेल्या बाईचा राग इतक्या उघडपणे सांगणारी ही कथा शेकडो वर्षं चालत आली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. नाव ठेवताना ही बाजूही माहीत असू द्या. ती लपवण्यासारखी नाही.

हवाईतच दुसरी हिना आहे, त्याच वीर माउईची आई. ती हिलो गावाजवळ, वाइलुकू नदीवरच्या धबधब्यामागच्या गुहेत राहते. त्या धबधब्याचं नाव वाइआनुएनुए, इंद्रधनुष्याचं पाणी. सकाळच्या उन्हात तिथे तुषारांवर इंद्रधनुष्य उमटतं, म्हणून. कुना नावाचा अजस्र सरडा एकदा नदी अडवून तिला गुहेत बुडवू पाहतो आणि माउई येऊन तिला वाचवतो. पण या हिनाची जास्त प्रसिद्ध गोष्ट कापडाची आहे.

हे कापड कसं होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण हिनाच्या जवळजवळ सगळ्या कथांमध्ये ती हेच काम करताना दिसते. या बेटांवर सूत नव्हतं, माग नव्हता. वाउके नावाच्या झाडाची, म्हणजे कागदी तुतीची, कोवळी खोडं कापून साल सोलायची. बाहेरचा खरबरीत भाग खरवडून आतली पांढरी साल पाण्यात भिजत घालायची. मग लाकडी ओंडक्यावर पसरून लाकडाच्या मोगरीने कुटायची. कुटता कुटता पट्टी रुंद होत जाते, एकावर दुसरी ठेवून कुटली की दोन्ही एकजीव होतात. शेवटी ते ओलं कापड उन्हात वाळवायचं. हवाईत याला ‘कापा’ म्हणतात, इतरत्र ‘तापा’. हे बायकांचं काम. आणि हिनाची अडचण अशी की सूर्य इतक्या घाईने आकाश ओलांडायचा की तिचं कापड वाळायचंच नाही. आईचं गाऱ्हाणं ऐकून माउई हालेआकाला डोंगरावर चढला, सूर्याच्या किरणांना फास टाकून त्याला धरलं आणि सावकाश चालायचं कबूल करून घेतलं. म्हणजे दिवस मोठा झाला तो हिनाच्या कापडासाठी. रुपेरी आहिनाहिना उगवतं ते याच डोंगरावर.

सामोआतही चंद्रावर सिना आहे, मुलासकट. दुष्काळाच्या दिवसांत ती संध्याकाळी साल कुटत असताना चंद्र उगवतो, तिला तो मोठ्या ब्रेडफ्रूटसारखा, म्हणजे विलायती फणसासारखा दिसतो, आणि ती म्हणते की खाली का येत नाहीस, माझ्या बाळाला एक तुकडा तरी खाऊ दे. चंद्र रागावून खाली येतो आणि तिला बाळासह, ओंडक्यासह, मोगरीसह उचलून नेतो. न्यूझीलंडमध्ये मात्र चंद्रावरची बाई हिना नव्हे, रोना. रात्री पाणी आणायला निघालेली रोना चंद्र ढगाआड गेल्यामुळे ठेचकाळते, चंद्राला शिवी देते आणि तो तिला भोपळ्याच्या भांड्यासह ओढून नेतो. म्हणून ‘हिना ही माओरी चंद्रदेवी’ असं कुठे वाचलंत तर पुढे वाचू नका.

सिनाची सर्वांत लोकप्रिय गोष्ट मात्र चंद्राची नाहीच, नारळाची आहे. सिना एका छोट्या वामला (सापासारखा लांब मासा) प्रेमाने पाळते. तो मोठा होतो, तिच्या मागे मागे फिरतो, तिला भीती वाटू लागते. ती गावोगाव पळते, तो प्रत्येक पाणवठ्यात येऊन तिच्याकडे टक लावून पाहतो. खरं तर तो वामच्या रूपातला फिजीचा राजा असतो. गावाचे प्रमुख त्याला मारायला उठतात तेव्हा तो सिनाला म्हणतो, माझं डोकं तुझ्या घरासमोर पुर. त्यातून झाड उगवेल, त्याच्या पानांच्या चटया विण, फळाचं पाणी पी, आणि पिताना दर वेळी तू माझं चुंबन घेशील. नारळाला जे तीन डोळे असतात ते त्या वामचे दोन डोळे आणि तोंड. सावाईई बेटावर मातावाई गावात गोड्या पाण्याचं एक कुंड आहे, ‘माता ओ ले आलेलो’. हीच ती जागा म्हणून लोक दाखवतात. मांगाया बेटावर हीच गोष्ट इना आणि तुना यांची आहे आणि तिथे खोबऱ्याला ‘तुनाचा मेंदू’ म्हणतात. कोकणातल्या किंवा गोव्याच्या घरात ही गोष्ट सांगून पाहा; नारळ सोलताना मुलं पुन्हा पुन्हा मागतील.

मांगायाच्याच इनाचा आणखी एक पराक्रम आहे. तिनिराउच्या बेटावर जायचं म्हणून ती एकेका माशाच्या पाठीवर बसून पाहते. जो मासा तिचं वजन पेलू शकत नाही त्याला ती रागाने मारते आणि त्याच्या अंगावर पट्टे उमटतात. शेवटी शार्कवर बसते, भूक लागते तेव्हा त्याच्याच डोक्यावर आपटून नारळ फोडते, आणि तेव्हापासून शार्कच्या कपाळावर टेंगूळ आहे. कुक बेटांच्या तीन डॉलरच्या नोटेवर ही शार्कवर बसलेली इना छापलेली आहे. धीट मुलीसाठी हेही रूप छान.

सामोअन काकूंना एक विचारा : त्यांच्या लहानपणी घरात ‘फांगोंगो’ कोण सांगायचं? फांगोंगो म्हणजे रात्री दिवा मालवल्यावर सांगायच्या गोष्टी. सांगणारी थांबली की ऐकणारे ‘आउए’ असा हुंकार देतात, आणि मधे मधे गाण्याचा तुकडा येतो. त्यातली नायिका बहुतेक वेळा सिनाच असते. तिचा प्रियकर तिंगिलाउ, म्हणजे माओरी कथेतला तोच तिनिराउ. सिना तिथे एखाद्या देवळातली देवी नसते. ती सगळ्या गोष्टींमधली रूपवान, हट्टी, हुशार मुलगी असते आणि आजही सामोअन घरांत मुलींचं नाव सिना ठेवतात.

म्हणूनच ‘देवी’ हा शब्द मी जपून वापरते. हवाईत हिना देवी होती यात शंका नाही. तिथे कू आणि हिना ही जोडी होती : कू म्हणजे उभा, ताठ, उगवतीचा, हिना म्हणजे कललेली, मावळतीची. हवाईयनमध्ये ‘हिना’ या उच्चाराचा दुसरा शब्द आहे, ‘कलणं, पडणं’, आणि हवाईच्या लोकांनी तो अर्थही या नावात भरला. मासेमारीची हिना-पुकू-इआ, जंगलातल्या ओहिआ झाडांची हिना-उलु-ओहिआ, प्रवाळाची हिना-ओपू-हाला-कोआ, अशी तिची कितीतरी रूपं होती. मोलोकाई बेटाला तर ‘मोलोकाई नुई आ हिना’, हिनाचं थोर लेकरू, असं आजही म्हणतात. या सगळ्या एकाच देवीच्या मूर्ती, की एका नावाच्या अनेक बायका, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. माझं मत सांगते : मूळ बेटांवर हे सुंदर, उजळ स्त्रीचं नाव होतं, माणसं जसजशी पूर्वेला सरकली तसतसं समुद्र, चंद्र, कापड, जन्म असं जे जे बाईच्या हातातलं ते ते या नावाभोवती गोळा होत गेलं. ‘चंद्रदेवी’ या एका शब्दात ते कोंबलं की शार्कवर नारळ फोडणारी इना बाहेर राहते.

आता व्यवहाराचं. बाहेरच्या माणसांनी हे नाव घ्यावं का, हा प्रश्न तुम्ही विचारलात याचा मला आनंद झाला. हवाईत नाव ही खासगी, मौल्यवान वस्तू मानली जाते. काही नावं स्वप्नात मिळतात आणि ती टाळणं अशुभ समजतात. या नावांनी सोसलंही आहे. चौथा कामेहामेहा राजा असताना १८६० मध्ये कायदा झाला की मुलांना ख्रिस्ती पहिलं नाव हवं आणि बापाचं नाव आडनाव म्हणून. हवाईयन नाव मधल्या जागेत ढकललं गेलं, आणि तो कायदा थेट १९६७ मध्ये रद्द झाला. हवाईतल्या अनेक ज्येष्ठांचं पहिलं नाव इंग्रजी आणि मधलं हवाईयन असतं ते त्यामुळे. असं जपून ठेवलेलं नाव घेताना त्याची गोष्ट माहीत असणं हे आपलं किमान देणं आहे.

नुसतं ‘हिना’ किंवा ‘सिना’ हे कुणा एका घराण्याचं नाव नाही, ते पॅसिफिकभर वाटून गेलेलं आहे. त्यामुळे ते घेताना मला संकोच वाटत नाही. माओरी ‘हिने’ने सुरू होणाऱ्या लांब नावांचं तसं नाही. हिनेमोआ हे गोड नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच : रोतोरुआ सरोवरात रात्री भोपळे बांधून, बासरीच्या आवाजाच्या रोखाने मोकोइआ बेटापर्यंत पोहत गेलेली ती तरुणी. पण ती नुसती कथेतली नायिका नाही, ती आरावा या माओरी लोकांची खरी पूर्वज आहे, आणि वंशावळीतल्या माणसाचं नाव घेण्याआधी त्यांच्यातल्या कुणाशी तरी बोलावं. हिने-नुई-ते-पो तर बाळासाठी नकोच. ती मृत्यूची स्वामिनी आहे, माउईचा अंत तिच्याकडेच झाला. आणि ‘हिनानो’ हे हिनाचं लाडकं रूप समजू नका, ते केवड्याच्या जातीच्या झाडाचं फूल आहे.

उच्चारात ‘हि’ ह्रस्व, आघात त्याच्यावरच, आणि ‘ना’ लांबवायचा नाही. देवनागरीत ‘हिना’ असंच लिहा. दीर्घ ‘ही’ लिहिलंत तर उच्चारही चुकेल आणि संस्कृत ‘हीना’ची शंका उगाच उभी राहील. मेंदीची हिना अरबीतून आली, जपानी मुलींचं हिना आणखी निराळं. लोक तीनही अर्थ सुचवतील, सुचवू द्या. घरच्यांना ‘हि’ने सुरू होणारं नाव अगदीच नको असेल तर ‘सिना’ तितकंच खरं आणि जुन्या उच्चाराच्या जास्त जवळचं आहे. ‘माहिना’ हेही हवाईत मुलीचं नाव म्हणून चालतं, पण मराठी घरात तिला रोज कॅलेंडरवरून चिडवतील, म्हणून ते मी सुचवणार नाही.